नवे माग घ्यायचे की नाही, इथूनच सुरुवात कर

प्रश्न : मी इचलकरंजीत टी.वाय.बी.कॉम.ला आहे. कॉर्पोरेट फायनान्स शिकायचं आहे, पण गणित बेताचं आहे. सीए करू, एमबीए की सीएफए? बाबा कर्ज काढून नवे माग घ्यायचं म्हणतात. त्यांच्याशी त्यावर बोलावं, तर मला त्यातलं काही कळत नाही.

उत्तर : पैसा कशात घालायचा, तो कुठून उभा करायचा आणि रोजचा धंदा चालवायला हाताशी किती ठेवायचा, या तीन प्रश्नांभोवती हा विषय फिरतो. तिन्ही प्रश्न आत्ता तुझ्या घरातच आहेत.

समज, यंत्र १० लाखांचं आहे आणि खर्च वजा जाता ते पाच वर्षं दरसाल ३ लाख देईल. बेरीज १५ लाख, म्हणून ५ लाखांचा फायदा, असं कुणीही म्हणेल. पण पाच वर्षांनी हातात येणाऱ्या रुपयाला आजच्या रुपयाची किंमत नसते. पैसा वापरण्याची वर्षाची किंमत, म्हणजे दर, १२ टक्के धरून ही सगळी रक्कम आजच्या किमतीत आणली, तर ती होते सुमारे १०.८१ लाख. म्हणजे ५ लाखांचा फायदा ८१ हजारांवर आला. दर १६ टक्के धरलास तर ९.८२ लाखच होतात, आणि व्यवहार १८ हजारांनी तोट्यात जातो. यंत्र तेच, कमाई तीच! या हिशेबाला एनपीव्ही (नेट प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ आजची किंमत) म्हणतात. एक्सेलमध्ये तो मिनिटभरात होतो. डोकं लागतं ते दर ठरवायला. बँकेचं व्याज सगळे मोजतात, पण घरचे घातलेले पैसे फुकटचे धरतात. तेही दुसरीकडे काही कमावले असतेच ना?

गणिताची भीती म्हणूनच सोडून दे. टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज पक्कं असेल, तर पहिली पायरी ओलांडता येते.

आता अभ्यासक्रम. लेखापरीक्षण आणि करही आवडत असतील तर सीए कर. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर थेट सीएच्या मधल्या टप्प्याला, इंटरमिजिएटला, प्रवेश मिळतो आणि तिथे वित्तीय व्यवस्थापन शिकावंच लागतं. सीएच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, दोन वर्षांची आहे. सीएफए या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा कल शेअर, रोखे, गुंतवणूक यांकडे जास्त आहे आणि फी डॉलरमध्ये. निव्वळ नाव मोठं म्हणून त्यात पडू नकोस. एमबीए मी दोन-तीन वर्षं नोकरी केल्यावर करायला सांगेन, कारण तोवर प्रश्न स्वतःचे झालेले असतात. महागडी सर्टिफिकेटं तूर्त नकोतच. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत, आणि सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणमंचावरही वित्त विषयाचे कोर्स मिळतात.

त्याआधी बाबांच्या सीएंकडून गेल्या वर्षीचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक माग. येणी (गिऱ्हाईकांकडून यायचे पैसे) भागिले वर्षाची उधारीची विक्री, गुणिले ३६५ : कापडाचे पैसे सरासरी किती दिवसांनी हातात येतात ते कळेल. सूतवाल्याचे पैसे किती दिवसांत द्यावे लागतात, तेही असंच काढ : त्याची देणी भागिले वर्षाची उधारीची खरेदी, गुणिले ३६५. पहिला आकडा ९० आणि दुसरा १५ आला, तर मधले ७५ दिवस धंदा कुणाच्या पैशावर चालतो ते बाबांना विचार. नवे माग आले की सूत जास्त लागेल आणि अडकणारी रक्कमही वाढेल. बँकेकडे यंत्राचं कर्ज मागताना खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजच्या धंद्यात अडकणाऱ्या पैशाचा, हा वाढीव आकडाही सोबत न्यायला हवा.