मोठी मुलं अडखळत वाचतात, शिक्षकांना काय शिकवू?

प्रश्न: हायस्कूलच्या शिक्षकांना रेमेडियल रीडिंगचं, म्हणजे वाचनात मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्याचं ट्रेनिंग द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते ओळखायला शिकवा. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडून शब्द वाचणं गुणिले भाषेची समज, म्हणजे एक बाजू शून्य की सगळंच शून्य, त्यामुळे सगळ्यांना एकच वर्कशीट देऊन भागत नाही. शिक्षकाने मुलाजवळ बसून त्याचं वाचन ऐकावं, मग तसाच दुसरा उतारा स्वतः वाचून दाखवून प्रश्न विचारावेत, ऐकून कळतंय पण वाचून नाही तर अडचण बहुतेक अक्षरांतच आहे. आणि हो, १४ वर्षांच्या मुलाच्या हातात बालवाडीचं पुस्तक अजिबात नको, लाज वाटली की ते तोंडच उघडत नाही, विषय त्याच्या वयाचा घ्या, भाषा फक्त सोपी ठेवा.