खारफुटी आणि समुद्री शैवालावर संशोधन करायचं आहे, तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सी वनस्पतिशास्त्राचं शेवटचं वर्ष चालू आहे, कोकण किनाऱ्यावरच्या वनस्पतींवर पीएचडी करायची आहे, पण पोहता येत नाही.

पोहणं अडत नाही. लक्षद्वीप किंवा मन्नारच्या आखातातल्या समुद्रगवतावर काम करायचं असेल तर पाण्यात उतरावं लागेल. कोकणातली खारफुटी आणि खडकांवरचं शैवाल मात्र ओहोटीला चालत जाऊन गाठता येतं. चिखलात चालायची सवय हवी, आणि एकटं जायचं नाही.

त्याआधी भरती-ओहोटी शिका. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास, हा कोळ्यांचा हिशोब नियोजनाला पुरतो. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत लांब हटतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, खालच्या पट्ट्यातलं शैवाल उघडं पडतच नाही. नेमकी वेळ छापील तक्त्यातून घ्या आणि ओहोटीच्या दीड तास आधी जागेवर असा. शैवाल साधारण ऑक्टोबर ते मार्च भरात असतं. प्रबंधाचं वेळापत्रक त्याला धरून आखा, विद्यापीठाच्या सत्रांना धरून नको.

खारफुटीत खाडीच्या काठापासून जमिनीकडे सरळ रेषा धरून 10 × 10 मीटरच्या चौकटी आखतात. खोडाचा घेर 1.3 मीटर उंचीवर मोजायचा. कांदळाला (आधारमुळं असलेली खारफुटीची जात) तो नियम चालत नाही, तिथे सर्वांत वरच्या आधारमुळाच्या 30 सेंटिमीटर वर टेप लावायचा. तिवराला (हीही खारफुटीच) खालूनच फांद्या फुटलेल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजा, झाड मात्र एकच लिहा. सगळ्यात महागात पडणारी चूक पुढे घरी बसून होते. जैवभाराच्या, म्हणजे झाडाच्या सुक्या वजनाच्या सूत्रात व्यास लागतो आणि लोक घेर टाकतात. व्यासाचा घातांक 2.46 असलेलं सूत्र नेहमी वापरलं जातं. त्यात ही गफलत झाली तर उत्तर सोळापटींहून जास्त फुगतं. घेराला 3.14 ने भागायला विसरू नका.

गाळातला कार्बन मोजताना नळी दाबली की आतला गाळ चेपतो. नळीच्या आतली आणि बाहेरची खोली दोन्ही मोजून दुरुस्ती करा. अर्धनळीच्या आकाराचा ऑगर, म्हणजे गाळ काढायचं हत्यार, मिळाला तर हा त्रास बराच कमी होतो. नमुना 60 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. शिंपल्यांतला चुना आम्लाने काढला नाही तर तोही सेंद्रिय कार्बन म्हणून मोजला जातो.

शैवाल समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्यात नाजूक पेशी फुटतात. ताटातल्या पाण्याखाली जाड कागद सरकवून त्यावर ते पसरा, वर मलमल आणि टीपकागद ठेवून दाबा. टीपकागद रोज बदला, नाहीतर दोन दिवसांत बुरशी. डीएनएसाठी वेगळा तुकडा सिलिका जेलमध्ये ठेवा. सारगॅसम या तपकिरी शैवालाची जात ओळखायला तळाचा घट्ट भाग आणि प्रजननाच्या फांद्या लागतात, त्यामुळे वरचा तुकडा खुडून आणण्यात अर्थ नाही.

मांडणीतली एक चूक परीक्षक हमखास पकडतात: एका खाडीतल्या दहा चौकटी म्हणजे दहा खाड्या नव्हेत. ‘कोकणात’ असं म्हणायचं तर खाड्याच जास्त हव्यात. त्यासाठी ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकप्रणाली आणि थोडी सांख्यिकी आत्ताच शिका. माझ्या मते ती महागड्या यंत्रांपेक्षा जास्त कामी येते.

नेट परीक्षा जीवविज्ञानातून द्या. भूविज्ञान-समुद्रविज्ञानाचा पेपर वनस्पतिशास्त्राच्या मुलांना उगाच जड जातो. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला, 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, गोवा विद्यापीठ, शैवालासाठी भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था आणि तमिळनाडूत परंगीपेट्टईचं अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र ही ठिकाणं बघा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जाती ओळखणारं कुणी आहे का, हे जरूर विचारा.

परवानग्यांचे अर्ज प्रवेशाबरोबरच करा. खारफुटीची बरीच जमीन वनखात्याकडे आहे आणि मालवण 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय नमुना उचलणं हा गुन्हा ठरतो, आणि परवानगीचा कागद नसेल तर पुढे शोधनिबंधही अडकू शकतो.