रात्री साडेअकराची जर्मन

खानापूर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची कन्या बेळगावात बी. एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून पुढे जर्मनीत नोकरी करण्याची तिची इच्छा आहे. त्यासाठी मोबाईलवर एका जर्मन बाईंशी बोलून ती त्यांची भाषा शिकते आणि बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवते. ‘आधी हे बोलणे साडेदहाला असायचे, नोव्हेंबरपासून साडेअकरा वाजू लागले, त्यामुळे शंका येते. हे शिक्षण मानावे की क्लासला पैसे भरावेत?’ असे त्यांनी विचारले आहे.

स. न. वि. वि.

आपल्या शंकेचा तेवढा भाग लगेच मिटवतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळे एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे करतात. त्यामुळे त्यांच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. त्या बाईंनी वेळ बदललेली नसावी, बदलले ते त्यांचे घड्याळ.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण सीमाभागातली माणसे ही पद्धत फार पूर्वीपासून वापरत आलो आहोत, फक्त तिला कोणी नाव दिले नव्हते. आपल्यापैकी कितीतरी जण कन्नड शिकले ते ‘एष्टु?’ (किती?) आणि ‘स्वल्प कम्मी माडी’ (थोडे कमी करा) म्हणत, बाजारात आणि बसमध्ये, आणि समोरची माणसेही त्याच देवघेवीत आपली मराठी उचलत गेली. पण त्याच माणसाच्या हाती कचेरीतला छापील कन्नड अर्ज पडला, की तो भरून देणारा कोणी भेटतो का हे त्याला शोधावे लागते, कारण बाजाराने त्याला जीभ दिली, वाचणे-लिहिणे दिले नाही. आपल्या कन्येची जर्मन आज नेमकी याच वळणावर आहे, असे मला वाटते.

जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-2 पातळीचे प्रमाणपत्र लागते. ए-1, ए-2 आणि बी-1 यांच्यानंतरची ही चौथी पायरी असून तिच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. शून्यापासून तेथवर पोहोचण्यासाठी पंचेचाळीस मिनिटांच्या 600 ते 800 तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे घड्याळी हिशेबाने किमान 450 तास झाले. आपली कन्या आठवड्यातून दोनदा तासभर बोलत असेल आणि त्यातला निम्मा वेळ इंग्रजीला जात असेल, तर वर्षाकाठी जर्मन वाट्याला येते ती सुमारे 52 तास. या गतीने साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हा क्लास हवाच. तो पुण्याला जाऊनच करावा असे मात्र नाही, ऑनलाइन वर्गही चालेल. परीक्षेसाठी पुणे किंवा बेंगळुरूच्या मॅक्सम्युलर भवनाचा (गोएथे संस्थेचे हे आपल्याकडचे नाव) विचार करता येईल.

क्लास हवा म्हणण्याचे दुसरेही कारण आहे. मातृभाषा बोलणारा माणूस चूक पकडतो, पण ती चूक का आहे हे त्याला सांगता येईलच असे नाही. आपल्यासारखीच जर्मनलाही तीन लिंगे आहेत, मात्र वाटणी निराळी आहे. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण आपली सुरी स्त्रीलिंगी, तर त्यांचे ‘मेसर’ नपुंसकलिंगी. असे का, हे त्या बाईंना विचारले तर त्या निरुत्तर होतील. चमचा ‘तो’ का, असे कोणी विचारले तर आपण तरी काय सांगणार आहोत?

याचा अर्थ रात्रीचे बोलणे बंद करावे असा नाही, आणि तसे करू नये अशी माझी विनंती आहे. वॉर्डात वेदनेने कण्हणारा वृद्ध पुस्तकातल्या गतीने बोलत नाही आणि तो दक्षिणेतला असेल तर ‘गुटन टाग’ या नेहमीच्या नमस्काराऐवजी ‘ग्रुस गोट’ म्हणतो. पुण्याची मराठी शिकून आलेल्या माणसाला आपले ‘काय करायलास?’ ऐकून जसे क्षणभर थांबावे लागते, तसेच हे. ही सवय वर्गात पुरेशी लागत नाही. फक्त त्या तासाला शिस्त हवी. पुष्कळ जर्मन लोकांना इंग्रजी बऱ्यापैकी येते, त्यामुळे बोलणे अडखळले की गाडी इंग्रजीकडे घसरते. म्हणून मोबाईलवर गजर लावून अर्धा तास फक्त जर्मन बोलावे, मग इंग्रजी. विषय आधी ठरवावा. पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या परिचारिकेला कशी देतात, हा एकच विषय महिनाभर पुरेल. मध्येच टोकू नये, दुरुस्त्या शेवटी सांगाव्यात आणि त्यातली पाच वाक्ये तिने वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी लिहून पाठवावीत. हिंदी किंवा मराठी शिकू पाहणारी जर्मन व्यक्ती भेटली तर फारच उत्तम. अशी माणसे थोडी असतात, पण त्यांच्याशी बोलताना इंग्रजीचा आडोसा कमी मिळतो.

सावधगिरीचे थोडक्यात सांगतो. समोरच्याने पैसे, छायाचित्रे, घरचा पत्ता किंवा पासपोर्टची प्रत मागितली, तर बोलणे तेथेच थांबवावे. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारे दलाल आपल्या भागातही फिरतात, त्यांनाही हाच नियम लावावा.

पदवीला अजून वर्षाहून अधिक अवधी आहे. या सुट्टीत तिला ए-1 च्या वर्गात घालावे आणि रात्रीच्या साडेअकराऐवजी रविवारी दुपारी अडीचची वेळ त्या बाईंना मानवते का, हे विचारायला सांगावे. हिवाळ्यात त्या वेळी तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात.