सगळं मोडून एफडीत टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरचे एक वाचक, वय 36. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हिशेब विभागात 8 वर्षं नोकरी, पगार हातात 34,000, घरखर्च 24,000. पत्नी आणि 7 वर्षांची मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं. त्यांच्याकडे 50 लाखांचा टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा; चार वर्षं जुना, हप्ता वर्षाला 9,800), 5 लाखांची एलआयसी एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी; नववं वर्ष, सहामाही हप्ता 13,500), म्युच्युअल फंडात महिना 4,000 ची एसआयपी, 1,20,000 ची एफडी, कंपनीचा 3 लाखांचा मेडिक्लेम आणि जुळे सोलापुरात एक प्लॉट आहे. ते विचारतात: दोन्ही पॉलिसी बंद करून, प्लॉट विकून सगळी रक्कम पत्नीच्या नावे एफडीत टाकू का? गाजावाजा व्हायच्या आत नोकरी सोडून पुण्यात खासगी उपचार घेऊ का? आणि एजंट म्हणतो तसं आजार न सांगता 1 कोटीची नवी पॉलिसी काढू का?

हे सगळे बेत दोन समजुतींवर उभे आहेत. एक, उपचाराला लाखो लागणार. दोन, वेळ थोडा आहे. दोन्ही चुकीच्या आहेत, त्यामुळे आधी तेवढं मोकळं करू.

उपचार सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, मोफत मिळतात. तुमचं केंद्र सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात आहे. 2017 पासून देशाचं धोरण असं आहे की निदान झालं की सीडी-4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, औषध सुरू करायचं. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम. सुरुवातीच्या रक्तचाचण्या, टीबीची तपासणी, सीडी-4 आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) हेही तिथंच, पैसे न देता. व्हायरल लोडची पहिली चाचणी साधारण सहाव्या महिन्यात होते. गोळी न चुकवणाऱ्या माणसाचं आयुर्मान इतरांच्या जवळपास जातं आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका उतरून तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. म्हणजे तुमचं नियोजन दोन-चार वर्षांचं नाही, निवृत्तीपर्यंतचं आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मालमत्तेत काही गोष्टी मोडल्या तर पुन्हा उभ्या करता येतात, काही येत नाहीत. एसआयपी उद्या थांबवून सहा महिन्यांनी सुरू करता येते. प्लॉट आज विकला नाही तर पुढच्या वर्षी विकता येतो. पण निदानाच्या आधी घेतलेला टर्म प्लॅन एकदा गेला की त्याच दरात तो पुन्हा मिळत नाही. तुमच्या घरातली आजची सगळ्यात मौल्यवान वस्तू जुळे सोलापूरचा प्लॉट नाही, ही 9,800 रुपयांची पावती आहे.

'एचआयव्हीने मृत्यू झाला तर टर्मचा दावा मिळत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मूळ मृत्यू-कवचात असा अपवाद सहसा नसतो. पहिल्या वर्षातली आत्महत्या हा नेहमीचा अपवाद. क्रिटिकल इलनेससारख्या (गंभीर आजाराच्या) रायडरमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा कवचात, मात्र एचआयव्ही वगळलेला असू शकतो, तेवढं पॉलिसीच्या कागदात बघून घ्या. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झालेली पॉलिसी कंपनीला कोणत्याही कारणाने वादात ओढता येत नाही. तुमची चार झालीत. शिवाय फॉर्म भरताना हा आजार तुम्हाला माहीत नव्हता आणि पॉलिसी सुरू झाल्यानंतरचं निदान कंपनीला कळवण्याची गरज नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: हप्ता चुकण्यात. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. ती संपली की पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते, आणि पुन्हा चालू करायला 'प्रकृती उत्तम आहे' असं लिहून द्यावं लागतं, कधी रक्ततपासणीही होते. इथं तुम्ही अडकाल. वर कलम 45 ची तीन वर्षंही पुन्हा चालू केलेल्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. तुमचा हप्ता 12 जानेवारीचा, म्हणजे ऐन गड्ड्याच्या, सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतला, कामावर सुट्ट्या आणि घरात पाहुणे. तो डिसेंबरातच भरून टाका. पुढच्या वर्षापासून ऑटो-डेबिट लावा, आणि तेही पगाराच्या खात्यावर नको. नोकरी बदलली की ते खातं ओस पडतं आणि हप्ता परत जातो. पॉलिसी लॅप्स होण्याचं हे फार साधं, फार नेहमीचं कारण आहे.

एलआयसीबद्दल एरवी मी वेगळं बोललो असतो. एंडोमेंटचा परतावा बेताचाच. पण तुम्ही आतापर्यंत 17 हप्ते, म्हणजे 2,29,500 रुपये भरलेत, आणि सरेंडर केल्यावर, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडल्यावर, हाती येणारी रक्कम बहुधा त्याहून कमी असेल. तरीही पैशाची खरी ओढाताण झाली तर आधी पॉलिसीवर कर्ज, नंतर ती पेड-अप करणं (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू ठेवणं), आणि सरेंडर सगळ्यात शेवटी. दोन्ही पॉलिसींचा मिळून वर्षाचा खर्च 36,800 आहे, महिन्याला 3,070 च्या आसपास. तुमच्या पगारात तो बसतो.

रोख रकमेचं काय? अडीअडचणीला सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा. तो 1,44,000 होतो, एफडी 1,20,000 आहे. 24,000 कमी पडतात. एसआयपी सहा महिने थांबवा, 4,000 प्रमाणे बरोबर तेवढेच जमतात, आणि तोवर पहिला व्हायरल लोडही हातात येईल. प्लॉटचा विचार त्यानंतर. घाईत विकणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला लांबूनच कळतो, आणि भाव तिथंच पडतो.

पुण्याचं खासगी उपचारांचं गणित मला पटत नाही. औषध जवळपास तेच, पण दर महिन्याला खिशातून, वर अडीचशे किलोमीटरचा प्रवास, एक बुडालेला दिवस आणि डॉक्टरांची फी. पैसे कमी पडले की पहिली चुकते ती गोळी, आणि गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. पुढची औषधं जास्त महाग आणि जास्त किचकट. सिव्हिलच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. त्यासाठी दुसऱ्या गावच्या एआरटी केंद्रात नोंदणी किंवा बदली मागता येते. सुरुवातीला फेऱ्या जास्त होतात. प्रकृती स्थिरावली की तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम देण्याची सोय आहे. म्हणून या वर्षाच्या रजा सुरुवातीच्या महिन्यांसाठी राखून ठेवा. कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत असाल तर केंद्रात सांगा. त्या डोल्युटेग्राविरचं शोषण कमी करतात, वेळेत अंतर ठेवावं लागतं.

'मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. औषध नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि त्यात एड्सचं नाव आहे.

नोकरी सोडू नका. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्हीमुळे कामावरून काढणं, नोकरीसाठी ही चाचणी मागणं, संमतीविना स्थिती उघड करणं, यांना त्यात मनाई आहे. मालकाला सांगायला तुम्ही बांधील नाही. राजीनामा दिलात तर पगारासोबत कंपनीचा मेडिक्लेम जातो, पीएफसोबतचं 7 लाखांपर्यंतचं ईडीएलआय (नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळणारं) विमा कवच जातं, आणि 10 वर्षांनी मिळणारा पेन्शनचा हक्क दोन वर्षं आधी तुटतो. एक काळजी घ्या: छोट्या कंपनीत मेडिक्लेमचे कागद एचआरच्या टेबलावरून जातात. मोफत उपचारांसाठी क्लेम करायची गरजच पडत नाही, तेव्हा उगाच करू नका.

एजंटच्या सल्ल्याला स्वच्छ नकार द्या. 1 कोटीच्या पॉलिसीला बहुधा रक्ततपासणी होतेच. नाही झाली आणि तीन वर्षांत दावा आला, तर चौकशीला सामोरं जाईल तुमची पत्नी, एजंट नव्हे. स्वतःचा आरोग्य विमा मात्र खरं सांगून बघा. 2023 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी योजना आणायला आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलं आहे. दर चढा असेल, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. विचारायचं एवढंच: सीडी-4 ची अट आहे का, आणि एचआयव्हीमुळे रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर तो खर्च धरतात की वगळतात. तोवर रेशनकार्ड आणि आधार नीट करून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड काढा, 5 लाखांपर्यंतचं कवच आहे.

आयकराचं एक. दुर्धर आजाराच्या खर्चाची वजावट (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80 डीडीबी) 'पूर्ण विकसित एड्स'साठी आहे, नुसत्या एचआयव्हीसाठी नाही, आणि तीही जुन्या करप्रणालीतच. तिच्यावर हिशेब मांडू नका.

पत्नीची तपासणी सिव्हिलच्या समुपदेशन केंद्रात मोफत होते, ती लांबवू नका. मुलीची लागेल ती पत्नीचा अहवाल पॉझिटिव्ह आला तरच. बोलायला धीर होत नसेल तर समुपदेशक दोघांना समोर बसवून बोलतात. 1097 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

या आठवड्यात एवढं करा: टर्म, एलआयसी, पीएफ आणि एफडी या चारही ठिकाणी नॉमिनी कोण आहे ते उघडून बघा. एलआयसी लग्नाआधीची असेल तर तिथं अजून आईचंच नाव असण्याची शक्यता आहे. मुलीचं नाव घातलं असेल तर ती सज्ञान होईपर्यंत रक्कम कोण घेईल ते नाव लिहिलेलं हवं. प्लॉटसाठी मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी चालतं, स्टॅम्प लागत नाही. आजाराचा उल्लेख त्यात करायचं काही कारण नाही.