मुलगा शब्द लिहीत नाही, फक्त मीम पाठवतो

साताऱ्याच्या एका आईनं मोबाइल माझ्यापुढे केला. मुलगा अठरा वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन महिने त्यानं एक शब्द लिहिला नव्हता, काहीही विचारलं की चित्र यायचं. आदल्या रात्री कवटी आली आणि आईची झोप उडाली.

कवटीच्या आधी आईनं काय पाठवलं होतं? वडिलांचा, गॉगल घालून ट्रॅक्टरवर बसलेला फोटो. या वयाची मुलं 'हसून हसून मेलो' अशा अर्थानं कवटी टाकतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना 2016 मध्ये असं आढळलं होतं की एकाच इमोजीचा अर्थ चांगला की वाईट, यावरही लोकांचं एकमत होत नाही. म्हणून एकटं चित्र वाचू नये, त्याच्या आधीचा मेसेजही वाचावा.

मी आईला तीन आठवड्यांच्या चॅटमधून वहीत चार रकाने भरायला सांगितले: तारीख, वेळ, आपण काय लिहिलं, काय आलं. 'जेवलास का'वर अंगठा. अभ्यासाचं विचारलं की पेटलेल्या खोलीत शांत बसलेला कुत्रा. तो नऊ वेळा आला होता, बहुतेकदा रात्री बारानंतर. खरी काळजी कवटीची नव्हती, या कुत्र्याची होती.

चित्रातून भावना झटकन पोचते. पण 'नाही', 'कधीपासून', 'कशामुळे' हे चित्रात मावत नाही. आग लागलीय एवढं मुलगा सांगत होता. कुठे लागली, ते सांगायची सोय त्याच्याकडे नव्हती. ती पालकांनी करून द्यायची.

आईनं त्याला लिहिलं, "तुझी चित्रं मला नीट कळत नाहीत, पण कळायला हवीत. सहा ठरवूया?" सहा चित्रांचे सहा अर्थ ठरले: ठीक आहे, दमलोय, फोन कर, पैसे हवेत, घरी यायचंय आणि आत्ता नको. थोडीच असली की लक्षात राहतात. यातलं 'आत्ता नको' सगळ्यात मोलाचं, कारण ते नसेल तर नकार द्यायला मुलाकडे फक्त गप्प बसणं उरतं. चित्रं त्यानंच निवडली. 'घरी यायचंय'साठी त्यानं घरच्या झोपाळ्याच्या फोटोचा स्टिकर केला.

मग रोज संध्याकाळी एकच प्रश्न, तोही दोन पर्यायांचा. "अभ्यास कसा चाललाय?" याला चित्रानं उत्तर देता येत नाही. "अवघड काय जातंय, मॅथ्स की मेकॅनिक्स?" याला देता येतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: "एम वन." म्हणजे गणिताचा पहिला पेपर. तीन महिन्यांतले पहिले शब्द.

मध्ये दोनदा बिघडलं. आईनं उत्साहानं स्वतःच मीम धाडायला सुरुवात केली आणि तो दोन दिवस गप्प झाला. मुलांची चित्रं त्यांच्या मित्रांमधली असतात. मोठ्यांनी त्यांची नक्कल केली की आपल्यावर पाळत आहे असं त्यांना वाटतं. पालकांनी सरळ शब्दांत लिहावं. दुसऱ्यांदा वडिलांनी तो कुत्रा भावकीच्या ग्रुपवर टाकला. तिथे सारवासारव उपयोगाची नाही. "चुकलं, परत करणार नाही," असं वडिलांनीच लिहावं लागलं.

एक गोष्ट मात्र कधीच अर्थ लावत बसण्याची नाही. फास, रक्त, निरोप अशी चित्रं आली, आवडीच्या वस्तू देऊन टाकणं सुरू झालं, तर लगेच फोन करून स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फोन उचलला नाही तर रेक्टरला खोलीवर पाठवा आणि स्वतः निघा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

पाचव्या आठवड्यात 'फोन कर'चं चित्र आलं. दोन विषय राहणार होते आणि फीचे पैसे वाया गेले म्हणून वडील काय म्हणतील, ही भीती होती. बोलणं अकरा मिनिटं चाललं. शनिवारी झोपाळा आला, रविवारी सकाळी मुलगा.