कामच सोशल मीडियावर असेल, तर मोबाइल खाली कधी ठेवायचा?

"मोबाइल कमी करा असं सगळे सांगतात. पण माझं कामच त्यात आहे, मी काय करू?" ब्लॉग लिहिणारे, व्हिडिओ करणारे, घरून छोटा व्यवसाय चालवणारे बरेच जण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. पालकत्वावर लिहिणाऱ्या एका ब्लॉगर बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने इथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता खरं दुखणं निघालं ते वेगळंच. बहिणीने त्यांना मोठा मेसेज केला होता: रिपोर्ट चांगले आले, दहा दिवस जीव टांगणीला लागला होता, तू होतीस म्हणून निभावलं. बाईंचं उत्तर गेलं, "मनापासून धन्यवाद! तुमचा पाठिंबा असाच राहू द्या." वाचकांसाठी साठवून ठेवलेलं तयार उत्तर. एकाच इनबॉक्समधले चाळीस मेसेज उरकताना बहिणीचाही उरकला गेला. बहिणीने पुढे काहीच लिहिलं नाही. घोटाळा लक्षात आला चार दिवसांनी.

त्याआधी त्यांनी आठवडाभर सगळी अॅप काढून टाकून पाहिली होती. परतल्यावर दीडशेवर मेसेज आणि दोन हुकलेली कामं समोर आली. पुढचे तीन दिवस त्या रोज रात्री दोनपर्यंत जाग्या. ज्यांचं पोट या माध्यमावर आहे त्यांना असा उपवास सहसा मानवत नाही. काम साचतं, आणि साचलेलं काम डोक्यातून हलत नाही.

म्हणून आम्ही आधी काहीच बंद केलं नाही. सात दिवस फक्त नोंद ठेवायची ठरवली, कागदावर, चार रकान्यांत: किती वाजता उघडला, कशासाठी, प्रत्यक्षात काय केलं, आणि आधी-नंतर मन कसं होतं (० ते १०). मोबाइलचा स्क्रीन टाइम मिनिटं सांगतो, कारण सांगत नाही. तिसऱ्या दिवशीची एक ओळ अशी होती: "रात्री ११.४०. एका कॉमेंटला उत्तर द्यायला. १२.२५ ला बंद. उत्तर दिलंच नाही. ६ वरून ३." अशा ओळी आठवड्यात एकोणीस निघाल्या. कामासाठी दार उघडायचं आणि आत गेल्यावर काम सोडून सगळं व्हायचं, हा त्यांचा आळस नव्हता. काम, कौतुक, टीका आणि माया एकाच दाराने येत होती, एवढंच.

मग दारं वेगळी केली. पहिला प्रयत्न फसला: एकाच अॅपमध्ये दोन खाती ठेवली, तर घरच्या खात्यावर असतानाही कामाच्या खात्याचा लाल ठिपका दिसत राहिला. दुसऱ्यांदा कामाचं खातं फोनवरून पूर्ण काढून फक्त संगणकावर ठेवलं, पोस्ट मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट सांभाळायचं मेटाचं साधन) आधीच वेळ लावून टाकायला सुरुवात केली. व्यवसायाच्या चौकशीला वेगळा नंबर आणि व्हॉट्सअॅप बिझनेस घेतलं, त्यात कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश लावला: "उद्या दुपारपर्यंत उत्तर देते." फोनवर आवाज करायची मुभा फक्त कॉलना आणि घरच्या सहा माणसांच्या मेसेजना.

कॉमेंटसाठी दिवसातून दोन वेळा, पंचवीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. प्रत्येक कॉमेंटचं तिथेच ठरवायचं: उत्तर, दुर्लक्ष किंवा काढून टाकणं. बोचरी असेल तर उत्तर वहीत लिहायचं आणि पुढच्या वेळी पाहून मगच टाकायचं. बहुतेकदा ते टाकावंसंच वाटत नाही. शिवीगाळीचे ठरावीक शब्द इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये आधीच गाळता येतात, तेही केलं. धमकी असेल तर मात्र पुसायच्या आधी तारीख, खात्याचं नाव आणि दुवा दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तक्रार करताना तोच उपयोगी पडतो.

सर्वांत अवघड गेले ते आकडे. त्या रात्री नऊला पोस्ट टाकत आणि झोपेपर्यंत लाइक मोजत. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा नेमका कधी मिळेल हे ठरलेलं नसलं, तर कबुतर चोच मारणं सहजी थांबवत नाही. लाइकचंही तसंच, कधी येतील सांगता येत नाही म्हणूनच हात पुन्हा पुन्हा जातो. लाइकचे आकडे लपवण्याची सोय इन्स्टाग्रामवर २०२१ पासून आहे, पण बाईंची भीती दुसरी होती: "पहिल्या तासात लक्ष दिलं नाही तर पोस्ट मरते." ही भीती वाद घालून जात नाही, तपासावी लागते. चार आठवडे दर दोन पोस्टपैकी एक दुपारी बाराला टाकायची, किती लोक पाहतील याचा अंदाज आधी लिहायचा, आणि खरा आकडा सातव्या दिवशीच पाहायचा. दुपारच्या आठ पोस्टपैकी तीन खरोखर मागे पडल्या, बाकी नेहमीइतक्याच चालल्या. तीन पोस्टचं नुकसान त्यांनी पत्करलं. झोप परत येत होती, आणि तो सौदा त्यांचा त्यांनीच ठरवला.

मुलीबद्दल लिहिण्याचा एक नियम त्यांनी स्वतःहून घातला. नऊ वर्षांच्या मुलीला पूर्ण मजकूर वाचून दाखवायचा, दोन दिवस थांबायचं, तिने "नको" म्हटलं तर कारण न विचारता सोडायचं. जुन्या चौदा पोस्ट तिच्या सांगण्यावरून निघाल्या. मला हा नियम बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

एवढं करूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नसेल, किंवा दोन आठवडे सतत उदास, कशातच रस नाही असं वाटत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

सातव्या आठवड्यात त्यांची एक पोस्ट अचानक हजारोंनी शेअर झाली आणि दोन दिवसांत सगळे नियम मोडले. कामाचं खातंही पुन्हा फोनवर आलं. अशा वेळी सगळं एकदम सावरायला जाऊ नये. आम्ही एकच गोष्ट आधी पूर्ववत केली: फोनवरून ते खातं काढलं. कॉमेंटच्या वेळा चार दिवसांनी बसल्या, आकड्यांना अजून दहा दिवस लागले. बहिणीला मात्र त्यांनी त्या गडबडीतही रोज फोन केला होता. तशी नोंद वहीत आहे, मन ७.