पेशंट गेला तरी रडू येत नाही, माझं काही बिघडलंय का?

वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम करणाऱ्या नर्स माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. सुनीतानंही तोच विचारला. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

ती विरारहून लोकलनं मुंबईत कामाला येते. ड्युटी बारा तासांची. रात्री अख्ख्या मजल्याला ती आणि एक मावशी. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, डायपर, नळीतून फीड, चार्ट. "मॅडम, आता मी आजींना आजी म्हणत नाही, आठ नंबर म्हणते. त्या गेल्या तरी मला काही वाटणार नाही. मी अशी नव्हते हो."

कामाच्या सततच्या ताणानं माणूस आतून थकून रिता होतो, त्याला बर्नआउट म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१मध्ये त्याची मोजपट्टी मांडली. समोरच्या माणसाबद्दल असं कोरडं होणं हा तिच्यातला एक भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ला बर्नआउट कामाच्या ताणाशी जोडला, त्याला आजार म्हटलं नाही. सुनीताला मी हे सविस्तर सांगितलं, कारण ती सगळा दोष स्वतःच्या स्वभावाला देत होती.

मग विचारलं, मागचा पेशंट गेला तेव्हा काय झालं? ती बराच वेळ गप्प होती. दुपारी बॉडी गेली, संध्याकाळी चादर बदलली, दुसऱ्या दिवशी बेड भरला. तीन वर्षं ज्यांना भरवलं, त्या आजोबांबद्दल कुणी तिला एका शब्दानं विचारलं नाही. नातेवाइकांचं सांत्वन होतं. नर्सचं दुःख कुणाच्या खिजगणतीत नसतं. मला याचा राग येतो.

आठ नंबरच्या आजींना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता. पहाटे साडेतीनला उठायच्या, उशी थापटायच्या, अडवलं की ओरडायच्या. त्या आधी काय करायच्या, हे भेटायला आलेल्या लेकीला विचार, एवढंच मी सुचवलं. कळलं की लालबागच्या चाळीत त्या गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. पहिल्या पाळीच्या भाकऱ्या त्या वेळेला थापायला घ्यायच्या! सुनीता आता त्यांना जरा कणीक मळून देते, "किती झाल्या आजी?" विचारते. काही रात्री त्या शांत होतात, काही रात्री नाही. पण सुनीताच्या बोलण्यात त्या पुन्हा आजी झाल्या.

पेशंटला माणूस म्हणून जपायचं, तर जपणाऱ्यालाही तसंच जपावं लागतं, असं टॉम किटवूड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं आग्रहानं मांडलं. दोघींनी मजला सांभाळायचा प्रश्न समुपदेशनानं सुटत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. सगळ्या सिस्टर्सनी मिळून इनचार्जकडे रात्रीसाठी आणखी एक माणूस मागितला. तो अजून मिळालेला नाही. पण कुणी गेलं की हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, पाच मिनिटं त्यांच्याबद्दल बोलायचं, हे मान्य झालं. पहिल्याच वेळी सुनीता रडली.

दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं, तर तेवढंही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर रात्रपाळीतही मराठीत बोलता येतं.